उंबऱ्याबाहेरचे बूट

नाशिकमध्ये काउबॉय बूट घालणारी माणसं माझ्या माहितीत चारच. एक गंगापूर रोडचा जिमवाला, एक लग्नाला घोडी पुरवणारा, एक ऑर्केस्ट्रातला गायक आणि चौथा हर्षल. पहिले तिघे बुटांचे हाल हाल करतात आणि मग माझ्यासमोर आणून टाकतात, धम्मपालभाऊ, काहीतरी करा म्हणून. चौथ्याची गोष्ट वेगळी आहे आणि तीच सांगायची आहे.

माझं दुकान शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत. अंबडला एका बुटांच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं काढली, तो बंद पडला तेव्हा हे टाकलं. बाहेर स्वच्छ पाटी आहे, ‘चामड्याच्या वस्तूंची निगा’. लोक पाटी वाचत नाहीत. चपलेचा अंगठा शिवून मागतात आणि जाता जाता हळूच आडनाव विचारतात. आडनाव ऐकलं की म्हणतात, तुम्ही या धंद्यात कसे? मी विचारतो, तुम्ही तुमच्या धंद्यात कसे? माझी बायको मोहिनी म्हणते, या तोंडामुळे अर्धं गिऱ्हाईक जातं. जाऊ दे. ज्याला चामड्याची कदर नाही त्याने रेक्झिन वापरावं.

नोव्हेंबरात एका दुपारी सुलाबाई आल्या. साठी उलटलेली, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. आल्या आल्या त्यांनी काउंटरवरची धूळ बोटाने पुसून पाहिली, तेव्हाच या कुठल्यातरी शाळेतल्या बाई असणार हे मी ओळखलं. त्यांनी पिशवीतून बूट काढले आणि बुटांबरोबर मुंग्या निघाल्या.

बूट मात्र बघत राहावं असे होते. तपकिरी, टोकदार, पोटरीपर्यंत येणारी नळी, नळीवर पांढऱ्या दोऱ्याची वेलबुट्टी, तिरकी उंच टाच. सोलच्या मध्यात, जिथे तळपायाची कमान येते तिथे, लोखंडाऐवजी लाकडी खिळे ठोकलेले. असा जोड मी कारखान्यात फक्त नमुन्यांच्या कपाटात पाहिला होता. आणि त्याला चक्क तुपाचा वास येत होता.

मी विचारलं तर म्हणाल्या, साजूक आहे, घरी कढवलेलं. चामडं कोरडं पडत चाललं होतं, खोबरेल लावलं तर काळं पडेल, म्हणून तूप लावलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई, हा बूट आहे, पुरणपोळी नाही. तूप आत जातं, खराब होतं, मग मुंग्या येतात, मग उंदीर येतो आणि शेवटी शिवण उसवते. त्यांनी पिशवीतून एक वही काढली, पेन उघडलं आणि विचारलं, मग काय करायचं ते क्रमाने सांगा, मी लिहून घेते. माझा अर्धा राग तिथेच उतरला.

मी सांगत गेलो आणि करून दाखवत गेलो. आधी घोड्याच्या केसांच्या ब्रशने कोरडी धूळ काढायची, विशेषतः सोल आणि वरचं चामडं जिथे शिवलेलं असतं त्या कडेची. मग चामड्याच्या साबणाचा नुसता फेस, पाणी कमीत कमी. सुकवायचं ते सावलीत. गच्चीवर उन्हात ठेवलं की चामडं भाजतं, मग कुणाचा बाप आला तरी ते सुधारत नाही. नंतर कंडिशनर, तोही बोटाने, कारण बोटाच्या उबेने तो आत शिरतो. पातळ हात द्यायचा, थांबायचं, चामड्याने पिऊन घेतला की दुसरा. सुलाबाईंनी ‘पिऊन घेतला की’ या शब्दांखाली रेघ ओढली.

बूट उलटा केला तेव्हा सवयीने मी सोल वाचला. माझी खोडच आहे ती. बूट बघून माणूस कसा चालतो ते मला सांगता येतं आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही. म्हटलं, घालणारा उंच आहे, घाईत चालतो, डावा पाय बाहेरच्या कडेवर टाकतो आणि किंचित फरफटवतो. लहानपणी डावा घोटा दुखावला होता का? सुलाबाईंनी वही मिटली. सात वर्षांचा असताना सटाण्याला मामाच्या मळ्यात पेरूच्या झाडावरून पडला होता, म्हणाल्या. माझा मुलगा, हर्षल.

टाचेचं रबर झिजून गेलं होतं, ते मी दोन्हीकडे नवीन बसवलं. दोन दिवसांनी बूट घेताना त्यांनी नळीवरून हात फिरवला. चामडं खरंच छान मऊ पडलं होतं. पुढच्या वेळी मुलालाच पाठवा, कसे वापरायचे ते त्याला सांगतो, असं मी म्हटलं. त्यावर त्या ‘बघते’ एवढंच म्हणाल्या.

डिसेंबरात त्याच आल्या. मी म्हटलं, एवढ्या लवकर गरज नसते, तीन महिन्यांनी चालतं. तरी बूट उलटा केला आणि बघितलं तर डाव्या टाचेच्या नव्या रबराची बाहेरची कड तांदळाच्या दाण्याएवढी झिजलेली. पोरगा खूप चालतो वाटतं, असं मी सहज बोलून गेलो. सुलाबाईंनी चष्मा लावला, ती कड निरखून पाहिली आणि विचारलं, ही नक्की चालल्याचीच झीज आहे ना? मला राग आला. एकोणीस वर्षं मी काय भाजी विकत होतो का, असं काहीतरी बोललो. त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

जानेवारीत झीज दुप्पट होती. आता मात्र मी चांगलंच सुनावलं. म्हटलं, त्याला सांगा, एकच जोड रोज घालायचा नसतो. पायाचा घाम आत मुरतो, चामड्याला एक दिवस विश्रांती लागते. आणि असा पाय फरफटवत राहिला तर वर्षभरात सोल जाईल. तो स्वतः का येत नाही, आईला हेलपाटे कशाला, त्याला माझ्यासमोर उभा करा.

सुलाबाई स्टुलावर बसल्या. पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, “हर्षल नाही हो आता. दोन वर्षं झाली.”

मी ब्रश खाली ठेवला. त्यांनी मग सगळं सांगितलं, शाळेत धडा सांगावा तसं, एकामागून एक. हर्षल दुग्धव्यवसायाच्या प्रशिक्षणासाठी दीड वर्ष टेक्ससला होता. पहिल्या पैशांतून त्याने हे बूट घेतले. परत आला, पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये लागला आणि गावभर हेच बूट घालून फिरायचा. लोक चिडवायचे, हा चिडायचा नाही. एका सकाळी घाईत स्लीपर अडकवून मोटारसायकलवर गेला आणि दिंडोरी रोडला एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळला. वय एकोणतीस. दहाव्याला दीर, निवृत्ती म्हणून आहेत, ते म्हणाले, चपला आणि छत्री दान द्यायची असते, त्यात हे बूटच देऊन टाक, त्याचे आवडते होते. सुलाबाईंनी दिले नाहीत. बाजारातून नव्या चपला आणून दिल्या आणि बूट ठेवून घेतले.

आम्ही बौद्ध. दहावा-तेरावा आमच्यात नाही, भूतखेत तर नाहीच, आणि मी दुसऱ्याच्या डोक्यातलंही काढून टाकणारा माणूस. मला एकच दिसलं, कुणीतरी हे बूट चोरून घालतंय. मी चौकशी केली. बाई मखमलाबाद रोडला एकट्या राहतात, बैठं घर, पुढे ओटा, ओट्याला जाळी, जाळीला कुलूप. बूट जाळीच्या आत, ओट्यावरच्या चपलांच्या मांडणीत असतात. घरात का नाही ठेवत, असं विचारल्यावर त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. पायातलं घरात कोण नेतं, म्हणाल्या.

मग मी एक युक्ती केली. दोन्ही बुटांत पंज्यापासून नळीच्या तोंडापर्यंत त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठासून भरलं आणि नळीचं तोंड मेणाच्या दोऱ्याने आवळून बांधलं. गाठ कारखान्यातली, ती उलटी मारलेली असते आणि सोडली तर मलाच परत मारता येते. आकार टिकतो म्हणून बांधलंय, महिनाभर सोडू नका, असं बाईंना सांगितलं. मनात म्हटलं, आता बघतो कोण घालतंय ते.

फेब्रुवारीत बूट आले. गाठ माझी होती. मी ती भिंग लावून पाहिली, दोऱ्यावरचं मेणसुद्धा हललेलं नव्हतं. सोडली, आतून कागद काढला. तोच, त्याच तारखेचा, कोरडा ठणठणीत. मग बूट उलटा केला. डाव्या टाचेचं रबर बाहेरून पार तिरकं झालं होतं आणि पंज्याखाली सोल घासून पांढरट पडला होता. मी आत हात घातला. अस्तर दमट होतं. नुकताच पाय बाहेर काढल्यावर असतं तेवढं.

खरं सांगतो, भीती वाटली. दुपारचे बारा वाजले होते, गल्लीत रिक्षा वाजत होत्या, समोरचा चहावाला कुणाशी तरी भांडत होता, आणि मी हात पँटला पुसत उभा होतो. सुलाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना माझ्याकडून काही ऐकायचं होतं आणि काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, चालल्याचीच झीज आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मान डोलावली.

मग त्या बोलल्या. नोव्हेंबरात मी बूट मऊ करून दिले तेव्हापासून रोज दुपारी सव्वातीनला, तो कामावरून घरी यायचा त्या वेळेला, आवाज येतो. दिंडोरी रोडच्या बाजूने रस्त्यावरून, मग अंगणातल्या फरशीवर, मग ओट्यावर. ठक, आणि मग जरा फरफटत ठक. दोन वर्षं बूट कोरडे पडले होते तेव्हा कधी आला नव्हता. दारापर्यंत येतो आणि थांबतो. त्या दार उघडतात, ये म्हणतात, ताट वाढून ठेवलंय म्हणतात. समोर कुणी नसतं. थोड्या वेळाने आवाज परत जातो. त्यांचं मागणं एकच होतं, त्याने एकदा घरात यावं आणि दोन घास खावेत. त्या सकाळी तो उपाशी गेला होता.

रात्री मोहिनीला सांगितलं. ती म्हणाली, हे काम घेऊ नका, त्या बाईंना डॉक्टरची गरज आहे आणि तुम्हालाही. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. पण मार्चमध्ये सुलाबाई आल्या तेव्हा मी बूट घेतले.

या वेळी झीज बदलली होती. चालणं जवळपास थांबलं होतं. फेब्रुवारीत बसवलेलं टाचेचं नवं रबर होतं तसंच होतं. पण दोन्ही बुटांची टोकं पुढून खरवडली होती, कशाला तरी पुन्हा पुन्हा लागल्यासारखी. आणि डाव्या बुटाच्या मागे, टाचेच्या वर, चामड्यावर आडवे ओरखडे होते. ताजे, एकावर एक, पंधरा-वीस तरी असतील. त्यांच्यात उजव्या बुटाच्या सोलच्या कडेचा काळा रंग लागला होता.

असे ओरखडे मी हजारदा पाहिलेत. हात न लावता बूट काढायचा असला की माणूस एका पायाच्या टोकाने दुसऱ्या पायाची टाच दाबून धरतो आणि पाय वर खेचतो. पण काउबॉय बूट असा निघत नाही. त्याला ना बंद ना चेन. पायाच्या वरच्या फुगवट्यावर तो घट्ट बसतो, म्हणूनच पायात राहतो. काढायला लाकडी खाचेची फळी लागते, नाहीतर दुसरं माणूस. मी सुलाबाईंना विचारलं, हर्षल घरी आल्यावर बूट कसे काढायचा?

त्या लगेच म्हणाल्या, “मी काढायचे. पायरीवर बसायचा आणि ओरडायचा, आई, ओढ. मी टाच धरून ओढायचे. एकदा तर बूट हातात आणि मी अंगणात पडले होते.”

सांगता सांगता त्या हसत होत्या. मग हसणं गेलं. मी डावा बूट त्यांच्यासमोर धरला होता, ओरखडे वर करून. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. हर्षल पहिलीत असताना एकदा शाळेचे बूट घालून स्वयंपाकघरात आला होता. त्यांनी त्याला छडीने मारलं होतं, वळ उठेपर्यंत. त्यानंतर उभ्या जन्मात तो पायात काही घालून उंबऱ्याच्या आत आला नाही. हे सांगताना त्या रडल्या.

मला गप्प बसता आलं असतं. चामडं पुसून, कंडिशनर लावून, बूट परत देता आले असते. पण जे वाचता येतं ते बोलून दाखवायची माझी खोड आणि त्यात समोर एक आई रडत होती. मी म्हटलं, “बाई, तो दारात आपणहून थांबत नाही. त्याला बूट निघत नाहीत म्हणून अडलाय. पायरीवर बसा आणि ओढा.”

मी फुगवट्यावरचं चामडं साच्यावर चढवून किंचित ताणलं, अस्तराला आतून शंखजिऱ्याची पावडर चोळली आणि या वेळी कागद भरला नाही. बूट रिकामे दिले. बाईंनी ते छातीशी धरून नेले.

एप्रिलमध्ये त्या आल्या नाहीत. वाट पाहिली, फोन केला, उचलला नाही. शेवटी एका दुपारी दुकान बंद करून मखमलाबाद रोडला गेलो. ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. जाळीचं दार उघडं होतं. ओट्यावर, दाराच्या अगदी शेजारी, बूट उभे होते, टोकं घराकडे करून. मी वाकून आत हात घातला. दोन्ही थंडगार, कोरडे. बरेच दिवस कुणी घातले नव्हते.

आतून सुलाबाईंचा आवाज येत होता. एकट्याच बोलत होत्या, त्यांच्या माहेरच्या अहिराणीत, लहान मुलाशी बोलावं तसं. मी कडी वाजवली. दार वीतभर उघडलं. इस्त्रीची साडी नव्हती, केस विस्कटलेले, पण चेहरा इतका आनंदी की मला बघवेना. म्हणाल्या, भाऊ, तुम्ही सांगितलंत तसं केलं. ओढला, निघाला. आला बघा आत. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, जेवत मात्र नाही अजून.

त्यांच्या मागे फरशी नुकतीच पुसलेली होती. पडदे ओढलेले होते तरी ओल्या फरशीवरचे पाय मला दिसले. अनवाणी, लांब, पुरुषाचे. डाव्या पायाची बाहेरची कडच तेवढी उमटलेली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून खिडकीपर्यंत, खिडकीपासून परत दारापर्यंत, एकावर एक, गोल गोल. सगळ्यात दाट पाऊलखुणा उंबऱ्याच्या आत होत्या, माझ्यापासून हातभर अंतरावर. तिथे तो यायचा, उभा राहायचा आणि वळायचा. मी बघत होतो तेवढ्यात तिथे आणखी एक पाऊल उमटलं.

मी मागे सरकलो. सुलाबाईंनी दाराआडून हात बाहेर काढला आणि बुटांकडे बोट केलं. “हे घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “विका, जाळा, काहीही करा. बूटच नसले तर जाईल कुठे तो?”

आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातली, वरून अडसर.

मी बूट आणले, दुकानात वरच्या फळीवर ठेवले. चार दिवस त्यांच्याकडे बघितलं नाही. पण डोळ्यांसमोरून त्या पाऊलखुणा हलेनात. आयुष्यभर मी माणसांची चाल वाचत आलोय. दिंडोरी रोडहून रोज यायची ती चाल घरी यायला निघालेल्या माणसाची होती. फरशीवरची चाल कोंडलेल्या माणसाची होती. आणि कोंडायला मीच मदत केली होती. मोहिनीला सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल. ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, भूतखेत मानत नाही ते ठीक आहे, पण तुम्हाला झोप लागतेय का? नसेल तर त्या माणसाचे बूट त्याला देऊन या.

पाचव्या दिवशी मी दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. बूट खाली काढले. ओरखडे मेणाने बुजवले, रंग मिळवला. नळीच्या वेलबुट्टीतली धूळ दातांच्या ब्रशने एकेका टाक्यातून काढली. सोल नवा चढवला, खिळे परत लाकडीच ठोकले. अस्तर आतून कापडाने पुसलं, बोटांच्या जागी कुठे शिवण टोचतेय का ते हात घालून तपासलं. मग कंडिशनर, एक हात, दोन हात, तीन हात. सहसा मी दोनवर थांबतो. चामडं पीत गेलं तसा मी देत गेलो आणि संध्याकाळपर्यंत तो जोड हातात घडी होईल इतका मऊ झाला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी परत मखमलाबाद रोडला होतो. जाळीला आता कुलूप होतं, पण जाळीखालून बूट आडवे करून आत सरकवता येतील एवढी फट होती. हात घालून मी ते आतल्या पायरीवर उभे केले. आमच्याकडे पाहुणे निघाले की मोहिनी आधी बाहेर जाऊन त्यांच्या चपला सरळ करून ठेवते, टोकं रस्त्याकडे, म्हणजे पाय घातला की थेट चालू लागता येतं. मी तसेच ठेवले. रस्त्याकडे टोकं करून, जोडीने. मग रस्ता ओलांडून समोरच्या बंद किराणा दुकानाच्या शेडखाली जाऊन थांबलो.

सव्वातीनला आतला अडसर पडल्याचा आवाज आला. मग कडी. दार उघडलं तेव्हा मी मान खाली घातली. ज्याचं दुःख आहे त्याने बघावं, आपण बघू नये, असं मला वाटलं, आणि भीतीही होती. बाईंची हाक ऐकू आली, एकदाच, आणि मधेच तुटली. मग ओट्यावर टाच वाजली. ठक, आणि मग जरा फरफटत ठक. अंगणातली फरशी, मग रस्त्याची खडी. आवाज माझ्याकडेच येत होता. अगदी जवळ आला तेव्हा मी माझ्याच चपलांकडे बघत होतो आणि मला माझ्या कंडिशनरचा वास आला, मेणाचा, ताजा. आवाज क्षणभर माझ्यापुढे थांबला. मग गेला. दिंडोरी रोडच्या उलट दिशेने, नदीच्या बाजूला. बराच वेळ ऐकू येत होता. मी मान वर केली तेव्हा पायरी रिकामी होती आणि दार सताड उघडं होतं.

सुलाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आल्या. साडी इस्त्रीची, केस बांधलेले, खांद्याला पिशवी नव्हती. मी शिव्या खायच्या तयारीने उभा राहिलो. त्या स्टुलावर बसल्या.

“ग्या तो,” म्हणाल्या. माहेरच्या बोलीत.

बूट कुणी ठेवले ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यांना माहीत होतंच. अडसर आपणच काढला, म्हणाल्या. रोज दुपारी तो दाराशी येऊन उभा राहायचा हे त्यांना कळत होतं. ताटातलं अन्न वाळून जायचं तेही दिसत होतं. “पण आईने कसं म्हणायचं, जा म्हणून?” त्या म्हणाल्या. “काल बूट दिसले, तेव्हा म्हटलं.”

मी काउंटरवरचा ब्रश उचलला, परत ठेवला. बाहेर चहावाल्याने दोन कप पुढे केले, मी एक त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. त्यांच्या डोक्यात काहीतरी अडलं होतं आणि ते विचारायचा धीर त्या गोळा करत होत्या.

“लांब जायचंय हो त्याला,” त्या शेवटी म्हणाल्या. “मोजेही नाहीत पायात. चावणार नाहीत ना बूट?”

मी म्हटलं, “नाही चावणार, बाई. आतून हात घालून बघितलंय मी.”

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि चहाचा कप उचलला.